आधी वॉर्ड बघा, मग कॉलेज ठरवा

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगबद्दलची पत्रं आणि मेसेज एकदम वाढतात, आणि यावेळी तर कोल्हापूर जिल्ह्यातून एवढे आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं जमणार नाही. त्यातले पाच निवडलेत, ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात. नावं आम्ही छापत नाही, नुसता तालुका दिलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मुरगूडजवळच्या गावातली. बारावी सायन्स झाली, नीट दिली होती पण तेवढा स्कोअर आला नाही, नर्सिंगची सीईटी पण दिली आणि त्यात बरे मार्क पडलेत. आता कॅप राऊंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला, ऑप्शन भरायचेत. घरचे म्हणतात कोल्हापुरातलंच घे आणि रोज एसटीनं येऊन जाऊन कर, मामा म्हणतो पुण्याला जा तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत, आणि मैत्रिणीच्या ताईनं सांगितलं की आधी ब्रँच ठरव, क्रिटिकल केअर घे, परदेशात त्यालाच मागणी आहे. मला लहान मुलांच्या वॉर्डात काम करावंसं वाटतं. पण ब्रँच निवडायची कुठं तेच कळंना, फॉर्मवर तसा कॉलमच नाही. आधी कॉलेज ठरवू की ब्रँच?
— एक विद्यार्थिनी, कागल तालुका

उत्तर : फॉर्मवर कॉलम नाही कारण बीएस्सी नर्सिंगला ब्रँच नसतेच. इंजिनिअरिंगला कसं पहिल्या दिवसापासून सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर वेगळं होतं तसं इथं होत नाही, चार वर्षं म्हणजे आठ सेमिस्टर सगळ्यांना सगळं शिकायला लागतं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, न्यूट्रिशन, फार्माकॉलॉजी, मग अ‍ॅडल्ट हेल्थ म्हणजे मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, बाळंतपण आणि स्त्रीरोग, शेवटी वॉर्ड मॅनेजमेंट, रिसर्च आणि इंटर्नशिप. स्पेशलायझेशन येतं ते एमएस्सीला, किंवा नोकरी करता करता एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा असतात त्यात. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या ताईनं सांगितलेली गोष्ट खोटी नाही पण ती पाच-सहा वर्षांनंतरची आहे, आत्ता त्यावर झोप घालवू नकोस.

लहान मुलांचा वॉर्ड आवडतो म्हणतेस हे चांगलंय, ते मनात ठेव, पण दार बंद करू नकोस. मी इतकी वर्षं मुलींना वॉर्डात शिकवलंय आणि पहिल्या वर्षाला ‘मी फक्त आयसीयू करणार’ म्हणणाऱ्या किती मुली शेवटच्या वर्षाला भलतीकडंच रमलेल्या बघितल्यात. एक तर सायकियाट्रीच्या पोस्टिंगला जायचं म्हणून रडत होती, घरच्यांनी पण फोन करून विचारलं की नाही गेली तर चालंल का, आणि महिन्याभरानं रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून परत आली ती पेशंटशी बोलायची एक वेगळीच रीत शिकून, आज ती त्याच विषयात एमएस्सी करून शिकवतीय. दुसरी एक २०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या निवारा कॅम्पात होती, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, बीपी-शुगरची गोळी बंद पडलेले म्हातारे, दिवस भरत आलेल्या बायका, हे सगळं बघून तिनं कम्युनिटी हेल्थच धरलं. हे वॉर्डात आणि गावात उतरल्यावरच कळतं, बारावीच्या सुट्टीत घरात बसून कुणालाच कळत नाही.

म्हणून आता तुझा खरा प्रश्न कॉलेजचा. आणि त्यात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगेन, की नर्सिंग कॉलेज हे त्याच्या हॉस्पिटलवरून निवडायचं, इमारतीवरून नाही. काचेची बिल्डिंग, लॅबमधली नवी मॅनिकिन म्हणजे सरावाचे पुतळे, गेटवरचा मोठा बोर्ड, हे सगळं असू दे, पण तू सलाईन लावायला, ड्रेसिंग करायला, बाळ हातात घ्यायला शिकणार ती पेशंटजवळ. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात कॉलेजचं स्वतःचं किमान १०० बेडचं हॉस्पिटल हवं, आणि क्लिनिकलला एका विद्यार्थ्यामागं ३ पेशंट असं प्रमाण धरलंय. बेड आहेत पण त्यावर माणसंच नाहीत असं असंल तर तू नुसत्या चादरी घालायला शिकशील.

तर हे कर. ऑप्शन भरायच्या आधी ज्या दोन-तीन कॉलेजांचा विचार आहे तिथं वडिलांना किंवा मामाला घेऊन जा, पण रविवारी नको आणि कॉलेज दाखवायला कुणी माणूस देतो म्हटलं तरी त्याच्या मागं मागं फिरू नका. कामाच्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला त्यांच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊन बाकावर बसा. केस पेपरची रांग किती आहे, गर्दी कुठल्या विभागात आहे, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक थांबलेले दिसतात का. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी हॉस्पिटलला एकदा सकाळी जाऊन बघ म्हणजे भरलेलं हॉस्पिटल कसं असतं त्याचा अंदाज येईल, मग बाकीच्यांकडं बघताना डोळ्याला माप मिळतं. नंतर कँटीनमध्ये किंवा बसस्टॉपवर युनिफॉर्ममधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना विचार. लाजायचं नाही, मुली खरं सांगतात. वॉर्डात पोस्टिंगला असताना ट्यूटर सोबत असतात का नुसतं हजेरी घेऊन जातात? एका पेशंटभोवती किती जणी उभ्या असतात? स्वतःच्या हातानं किती बाळंतपणं केलीस? बाळंतपणं वहीत ठराविक संख्येनं भरायला लागतात आणि जिथं डिलिव्हरीच कमी होतात तिथं मुली ती संख्या कशी भरतात हे त्याच सांगतील. मुलांच्या वॉर्डाची आवड आहे तर एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू आहे का आणि विद्यार्थिनींना आत सोडतात का हेही विचार. आणि एक फार महत्त्वाचं, विद्यार्थ्यांना शिकवतात की स्टाफ कमी आहे म्हणून स्टाफच्या जागी राबवतात. दोन्हीत काम दिसतं सारखंच पण एकात मागं उभं राहून सांगणारं कुणी असतं आणि दुसऱ्यात नसतं.

कागदपत्रांच्या बाजूनं कॉलेज बघायचं तर तीन ठिकाणी नाव सापडायला पाहिजे. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल. फी किती हे कॉलेजच्या माणसाच्या तोंडून ऐकून विश्वास ठेवू नका, खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजवार असते. त्याच्यावर ‘डेव्हलपमेंट’, ‘युनिफॉर्म’, ‘क्लिनिकल’ अशा नावानं काय काय मागतात ते लेखी मागून घ्या. अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं, म्हणजे आपल्या कसबा बावड्यातलं किंवा कराडचं, त्यांची प्रवेशाची पद्धत आणि फी वेगळी असते, मोठं हॉस्पिटल पाठीशी असतं ही त्यांची जमेची बाजू, पण सरकारी फी सवलतीचा हिशोब तिथं तसाच्या तसा धरू नका. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिलीय, पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला की ती सवलत गेली, आणि खासगी अभिमत विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. तुझ्या घरची परिस्थिती तू लिहिली नाहीस पण हा फरक चार वर्षांचा मोठा फरक आहे, म्हणून कॅपचा राऊंड सोडून घाईनं कुठं पैसे भरू नका. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल जे लागू असेल ते आत्ताच हातात आहे का बघा. सेतूत ऐनवेळी रांग लावून दर वर्षी मुलींच्या सीटा जातात आणि ते बघून फार वाईट वाटतं, हुशार मुलगी आणि एका दाखल्यापायी वर्ष गेलं.

राहिला पुणे की कोल्हापूर हा प्रश्न. पुण्यात मोठी हॉस्पिटलं आहेत हे खरंय, ससूनसारख्या ठिकाणी मिळालं तर मी डोळे झाकून जा म्हणेन. पण पुण्यातलं प्रत्येक कॉलेज म्हणजे ससून नव्हे, तिथंही ओपीडीतल्या बाकावर बसायची परीक्षा घ्याच. आणि मुरगूडहून रोज येऊन जाऊन करायचा विचार मात्र सोडून दे. क्लिनिकलला सकाळी लवकर हजर व्हायला लागतं, पुढच्या वर्षांत संध्याकाळच्या आणि रात्रीच्या ड्युट्या लागतात, एवढं अंतर रोज एसटीनं करून वर केअर प्लॅन आणि केस स्टडी लिहायला अंगात जीव राहत नाही. कोल्हापुरात शिकायचं ठरलं तर हॉस्टेल घे. आपल्या शहरात तर शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यातल्या पोरांना शिकायला राहता यावं म्हणून बोर्डिंगं काढली, ते सगळं खेड्यातलं मूल रोज ये-जा करून शिकू शकत नाही हे ओळखूनच केलं, हे घरच्यांना सांग.

अजून एक. तू नीट दिलीयस म्हणतेस, तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचं बघितलंस का? आर्मीच्या हॉस्पिटलांमधल्या बीएस्सी नर्सिंगला नीटचा स्कोअर धरतात, पुण्याचं एएफएमसी म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज त्यातलंच, अविवाहित मुलींसाठीच आहे, पास झाल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं आणि सेवेचा बाँड असतो. सैनिक टाकळी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुलींना ह्याची माहिती नसावी याची मला खंत वाटते. स्कोअर कमी वाटला तरी नियम आणि तारखा एकदा वाचून घे.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी शेतकरी आहे, मुलीला बारावीला ५२ टक्के आहेत, सीईटी दिली नाही. बेंगळुरूच्या एका कॉलेजचा माणूस गावात येतोय, आमच्या पाहुण्याच्या ओळखीचा आहे. म्हणतो डायरेक्ट अ‍ॅडमिशन देतो, ओरिजिनल मार्कलिस्ट आणि ५० हजार द्या, सीट फिक्स. वर असं पण म्हणतो की मुलीला तिकडं रोज जायची गरज नाही, परीक्षेपुरतं गेलं तरी चालतंय. पोरगी एकटी लांब राहणार नाही म्हणून मंडळींना हे बरं वाटतंय. काय करू?
— एक वडील, राधानगरी तालुका

उत्तर : दादा, पैसे दिले नसतील तर देऊ नका, आणि ओरिजिनल मार्कलिस्ट तर कुणाच्याच हातात देऊ नका, पाहुण्याच्या सुद्धा. एकदा ती एजंटाकडं गेली की पोरीचा बाकी सगळीकडचा रस्ता बंद होतो आणि मग तो म्हणेल तेवढे पैसे मोजत बसायला लागतं. अशी घरं मी बघितलीत, मार्कलिस्ट सोडवायला वर्ष वर्ष हेलपाटे घालणारी.

परीक्षेपुरतं जायचं हे ऐकून तर माझ्या पोटात गोळा आला. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकलला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रत्येक क्लिनिकल एरियाची हजेरी १०० टक्के भरून काढायला लागते, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे, राज्य कुठलंही असो. जो माणूस हजेरीशिवाय डिग्री देतो म्हणतो तो तुम्हाला कागद विकतोय. आणि कागदापेक्षा मोठी गोष्ट सांगते, उद्या तुमच्या पोरीच्या हातात कुणाच्या तरी बाळाचं इंजेक्शन असणार आहे, डोस मोजता आला नाही तर त्या घरचं काय होईल? त्या पोरीच्या मनाचं काय होईल?

बेंगळुरू वाईट आणि महाराष्ट्र चांगला असं मी म्हणत नाही, तिथं उत्तम कॉलेजं आहेत, आपल्या चंदगड-गडहिंग्लजची मुलं बेळगावला शिकून चांगल्या नोकऱ्या करतायत. पण रीतसर जायचं असतं. कॉलेज राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाला किंवा तिथल्या मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाला जोडलंय का बघायचं, कर्नाटक नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का बघायचं, फी कॉलेजच्या खात्यावर भरून कॉलेजच्या नावाची पावती घ्यायची. पुढं महाराष्ट्रात नोकरी करायची तर आधी कर्नाटकात रजिस्ट्रेशन आणि मग ते इकडं आणून महाराष्ट्र कौन्सिलला रजिस्ट्रेशन, असा एक जास्तीचा टप्पा पडतो तोही धरून चला. आणि वॉर्डात पेशंट कन्नड बोलणार, पहिले सहा महिने जड जातात.

यंदा सीईटी दिली नाही तरी घाबरू नका. बारावीला इंग्रजी असंल आणि ४० टक्क्यांच्या वर मार्क असतील तर जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, तिची पात्रता बसते, त्याचं उत्तर खाली गगनबावड्याच्या मुलीला दिलंय ते वाचा. आणि बीएस्सीच पाहिजे असंल तर पुढच्या वर्षीची सीईटी नीट तयारी करून देऊ द्या. १०० प्रश्न, ९० मिनिटं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड असे प्रत्येकी २० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. घरी अभ्यास करून जमण्यासारखी परीक्षा आहे. एक वर्ष गेलं म्हणून माणसं काय काय बोलतात ते कानाआड करा, चार वर्षं आणि लाखो रुपये गेल्यापेक्षा एक वर्ष परवडलं.

प्रश्न : ताई मी बारावी आर्ट्स आहे, ६१ टक्के. मला लहानपणापासून नर्स व्हायचंय, आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर बघून. पण सगळे म्हणतात सायन्स नाही तर विसर आता. खरंच काही होणार नाही का?
— गगनबावडा तालुका

उत्तर : होणार आहे, आणि विसरू नकोस. थेट बीएस्सीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी लागतं म्हणून ते दार तुला बंद आहे, पण जीएनएमला सायन्सला प्राधान्य असलं तरी इतर शाखेची मुलगी बारावीला इंग्रजी घेऊन ४० टक्क्यांवर पास असेल तर पात्र धरतात, आणि एएनएमलाही शाखेची अट नाही. एएनएम दोन वर्षांचं, तुझ्या उपकेंद्रातल्या सिस्टर बहुतेक तेच करून आलेल्या असणार. जीएनएम तीन वर्षांचं. तुला दोन्ही मिळत असेल आणि घरचं जमत असेल तर जीएनएम कर, कारण त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं आणि मग एमएस्सीपर्यंत रस्ता सरळ आहे. आर्ट्सची मुलगी ह्या रस्त्यानं प्रोफेसर होऊ शकते, झालेल्या आहेत.

एक तयारी मात्र आत्तापासून कर. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी इंग्रजीतून येतं आणि सायन्सवाल्या मुलींना निदान शब्द ऐकून माहीत असतात, तुला तेही नसतील. दहावी-अकरावी-बारावीची बायॉलॉजीची पुस्तकं कुणाकडनं तरी माग आणि माणसाच्या शरीराचे धडे सुट्टीत वाचून काढ, शब्द वहीत लिहून पाठ कर, हृदय, फुप्फुस, किडनी ह्यांच्या आकृत्या चार चार वेळा काढ. आणि त्या उपकेंद्रातल्या सिस्टरना जाऊन भेट, लसीकरणाच्या दिवशी दिवसभर त्यांच्यासोबत बस. रजिस्टर कसं भरतात, लस थंड कशी ठेवतात, रडणाऱ्या बाळाच्या आईला कसं समजावतात ते बघ. तुला ह्या कामाची ओढ आहे हे तुझ्या पत्रातूनच दिसतंय, मला फार बरं वाटलं वाचून.

प्रश्न : मी मुलगा आहे, बीएस्सी नर्सिंगला जायचंय, सीईटीला चांगले मार्क आहेत. घरात यंत्रमागाचा धंदा, वडील म्हणतात बायकांचं काम आहे, मित्र हसतात. मुलांना नोकरी लागते का? आणि मुलांनी कुठली लाईन घ्यावी?
— हातकणंगले तालुका

उत्तर : लागते. वडिलांना कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात रात्री नऊनंतर घेऊन जा, हायवेवरचा अ‍ॅक्सिडेंट आलेला असताना ब्रदर लोक काय करतात ते त्यांनी स्वतः बघू दे, मग बोलू दे.

पण तुला सगळी बाजू माहीत पाहिजे म्हणून सांगते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, ज्याची परीक्षा नॉरसेट म्हणून २०२० पासून घेतात, मुली ८० आणि मुलं २० टक्के असं प्रमाण आहे, म्हणजे तुला मुलींपेक्षा जास्त अभ्यास करायला लागेल. तिथं पे लेव्हल ७ आहे, मूळ पगार ४४,९०० पासून, शिवाय भत्ते, म्हणून देशभरातली मुलं तुटून पडतात. बीएस्सी झालेल्याला त्यात अनुभवाची अट नसते, जीएनएमवाल्याला ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून तुला बीएस्सी मिळतंय तर तेच घे. मिलिटरी नर्सिंग मुलांना नाही. मुलांना आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, मानसोपचार इथं चांगली मागणी असते, आणि बीएस्सीनंतर कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात जायचा रस्ता मुलांनाही मोकळा आहे. बाळंतपणाचा विषय तुलाही शिकायला लागणार, तिथं काही पेशंट नको म्हणतील, तेव्हा वाईट वाटून घ्यायचं नाही, बाजूला व्हायचं, परत विचारायचं. कॉलेज बघताना एवढं एक जास्तीचं विचार की मुलांचं हॉस्टेल आहे का, बऱ्याच ठिकाणी फक्त मुलींचं असतं.

प्रश्न : मॅडम, मी जीएनएम करून कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत तीन वर्षं काम करतीय. पुढं शिकायचंय. पोस्ट बेसिक करू की एक वर्षाचा क्रिटिकल केअर डिप्लोमा? आणि पुढं एमएस्सीला कुठला विषय घ्यावा? लग्न ठरायच्या आधी काहीतरी ठरवायला पाहिजे असं घरचे म्हणतात.
— स्टाफ नर्स, करवीर तालुका

उत्तर : तुझं पत्र वाचून पहिला विचार हा आला की तीन वर्षं आयसीयूत टिकलीस म्हणजे तुला आवडतंय, नाहीतर वर्षातच वॉर्ड बदलून मागतात मुली. पण आवडतंय ते नेमकं काय हे आधी बघ. व्हेंटिलेटर, मॉनिटर, इमर्जन्सी, हात चालवायला आवडतं? की नवीन आलेल्या मुलींना शिकवायला आवडतं?

हातानं काम करायला आवडत असेल आणि लगेच पगारात, जबाबदारीत फरक पाहिजे असेल तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा उपयोगाचा आहे, तो इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचाच घे, हॉस्पिटलनं स्वतःच काढलेल्या सर्टिफिकेट कोर्सला तेवढी किंमत नसते. पण डिप्लोमानं डिग्री होत नाही. पुढं एमएस्सी करायची इच्छा खरी असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सीच आधी, दोन वर्षं. एमएस्सीला पोस्ट बेसिकच्या आधीचा किंवा नंतरचा एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुझा झालेलाच आहे, म्हणजे मध्ये थांबायला नको, सलग करता येईल.

एमएस्सीला मुख्य पाच विषय असतात, मेडिकल-सर्जिकल, बालरोग, बाळंतपण व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि कम्युनिटी. आयसीयूवाल्या मुली डोळे झाकून मेडिकल-सर्जिकल घेतात आणि त्यात चूक काही नाही, त्यात पुन्हा क्रिटिकल केअर, कार्डिओ, न्यूरो असे फाटे असतात. पण शिकवायच्या नोकरीसाठी कॉलेजांना पाचही विषयांचे लोक लागतात आणि मानसिक आरोग्य, कम्युनिटी ह्यांच्याकडं मुली कमी वळतात, हे लक्षात घेऊन ठरव. शिवाय नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे, पेशंटजवळ राहूनच पुढं शिकायचं असेल तर तुझ्यासारखीसाठी तो फार चांगला, त्याला क्लिनिकल अनुभव लागतो आणि क्रिटिकल केअरचा असेल तर त्याला प्राधान्य असतं. मात्र मोजक्याच ठिकाणी चालतो, घर सोडायची तयारी पाहिजे.

लग्नाबद्दल घरच्यांना एवढंच सांग की शिक्षण चालू आहे हे स्थळ बघतानाच समोरच्यांना स्पष्ट सांगायचं, आणि रात्रपाळी असते हेही. जे ऐकून गप्प होतील ती स्थळं तिथंच सोडून द्या.

आता कामाचं. तुझ्या तीन वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र आत्ताच मागून घे, त्यावर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आयसीयू, हॉस्पिटलचे बेड किती आणि हॉस्पिटलचा नोंदणी नंबर हे सगळं लिहून घे. बऱ्याच मुली नोकरी सोडल्यावर मागायला जातात आणि मग चकरा मारत बसतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायला लागतं, तुझं कधी संपतंय ते बघ, त्यासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट्स वर्कशॉपना जाऊन मिळवायचे असतात ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस, कारण पोस्ट बेसिकच्या फॉर्मला चालू रजिस्ट्रेशनच जोडायला लागतं.